ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांचाच इनचार्ज झालोय, आणि आता माणसं चूक लपवतात

नवा_इनचार्ज

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं आहे. आधी ऑपरेटर, मग सेटर (मशिनवर टूल लावून माप जुळवून देणारा), आणि दोन महिन्यांपूर्वी शिफ्ट इनचार्ज झालो. हाताखाली २२ जण. त्यातले ७ परमनंट, बाकी कंत्राटी आणि ट्रेनी. परमनंटपैकी चौघांबरोबर मी वर्षानुवर्षं एकाच बाकावर डबा खाल्लाय, एकाच्या लग्नात पंगतीत वाढलंय. आता मी टपरीवर पोचलो की बोलणं थांबतं. तेही एक वेळ समजू शकतो. खरा त्रास वेगळा आहे.

मागच्या मंगळवारी दुसऱ्या पाळीत रिकामी पॅलेट हलवताना भिंतीच्या बाजूला पुठ्ठ्याखाली झाकलेली ३८ हाउसिंग (ज्यात दुसरा भाग बसतो ते पोकळ नग) सापडली. सगळ्यांचा बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा. बोअर लहान राहिला तर नग परत मशिनवर लावता येतो, मोठा झाला की भंगार. मी प्लग गेज (भोक तपासायची दांडी) घेऊन बसलो, नो-गोची बाजू, जी आत जायलाच नको, ती प्रत्येक नगात सरळ आत जात होती. म्हणजे चुकून नजरेतून सुटले असं नाही. कोणीतरी मोजून, बाजूला काढून, झाकून ठेवले होते.

झालं होतं असं. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजत जातं तसा बोअर लहान यायला लागतो, म्हणून ऑपरेटर थोडा थोडा वेअर ऑफसेट देतो, म्हणजे झीज भरून काढायचा आकडा मशिनमध्ये टाकतो. आमच्याकडच्या एका ट्रेनीनं ०.०२ ऐवजी ०.२ टाकला. एक शून्य राहिलं. ऑफसेट दिल्यावरचा पहिला नग गेजवर लावायचा नियम आहे, पण टार्गेट मागे पडलं होतं म्हणून त्यानं लावला नाही. ३८ नग निघाल्यावर लक्षात आलं. मग ऑफसेट दुरुस्त केला, पुढचे नग बरोबर काढले आणि आधीचे दडवले. शेजारच्या दोन मशिनवाल्यांना हे माहीत होतं. माझ्या जुन्या सेटर मित्रालाही माहीत होतं. पुठ्ठा त्यानंच आणून दिला होता.

मला कोणी सांगितलं नाही. ते नग चुकून पॅकिंगला गेले असते तर काय झालं असतं, या विचारानं त्या रात्री झोप लागली नाही.

कंपनीनं दोन दिवसांचं लीडरशिपचं ट्रेनिंग दिलं होतं. तिथे लिहून घेतलेलं परत वाचलं, पण लाइनवर उभं राहिल्यावर त्यातलं काही हाताला लागत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष माणसं सांभाळली आहेत त्यांनी सांगा, मी कुठे कमी पडतोय?

जुनी_लेथ

भोसरी आणि पिंपरीत मिळून ३४ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. सल्ला नंतर देतो. आधी एक सांग. ते नग सापडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तू काय केलंस? काय करायला हवं होतं ते नको, काय केलंस ते लिही.

नवा_इनचार्ज

काका, खरं लिहितो. लाइन थांबवली, सगळ्यांना गोल उभं केलं, एक हाउसिंग हातात धरून ओरडलो. "कंपनी काय तुमच्या बापाची आहे का" इथपर्यंत गेलो. तो पोरगा १९ वर्षांचा, परभणीकडचा. काही बोलला नाही. डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हातांत चुरगाळत उभा होता. बाकीचे सगळे माझ्याकडे न बघता कन्व्हेयरकडे बघत होते.

करडी_नजर

मला यात तुमची काहीच चूक दिसत नाही. ३८ नग म्हणजे पैसे आहेत, आणि कस्टमरकडे गेले असते तर अख्ख्या लॉटची तपासणी गळ्यात पडली असती. मी सुप्याला कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. माझा अनुभव असा की नव्या माणसानं पहिल्या सहा महिन्यांत मवाळपणा दाखवला की माणसं डोक्यावर बसतात, आणि जुने मित्र सगळ्यात आधी. चूक करणं आणि चूक लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य. पण लपवणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. नाहीतर जो पोरगा इमानदारीत प्रत्येक नग गेजवर लावतो, त्यानं काय समजायचं?

अठरा_महिने

मी या बाजूनं बोलतो. मी दोन कारखान्यांत कंत्राटी होतो, एकूण अठरा महिने. नावं लिहीत नाही. आता माझं गॅरेज आहे.

तुम्ही विचारताय, त्यानं सांगितलं का नाही. पहिल्या कारखान्यात माझ्याबरोबरच्या एकानं स्वतःहून जाऊन सुपरवायझरला सांगितलं होतं की माझ्याकडून टूल तुटलं. सुपरवायझर माणूस चांगला, ओरडला पण नाही. फक्त वर कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेटवर रांगेत उभे होतो. त्याचं कार्ड लागेना. सिक्युरिटीवाला म्हणाला, ठेकेदाराला फोन कर. ठेकेदार म्हणाला, तुझं काम संपलं, हिशेब दहा तारखेला घेऊन जा. खोलीचं भाडं आम्ही पाच जण मिळून भरायचो, त्या महिन्यापासून चौघांनी भरलं.

रांगेत उभ्या असलेल्या साठ-सत्तर पोरांनी ते बघितलं. त्यानंतर तिथे कोणी काही सांगितलं असेल असं तुम्हाला वाटतं का?

परमनंट माणसाला ओरडा बसतो. कंत्राटी माणसाचं गेट बंद होतं. इनचार्ज साहेब, तुमच्या २२ पैकी १५ जणांना रोज सकाळी ही भीती असते. तुम्ही कितीही गोड बोला, "मला येऊन सांगा" म्हणा, त्यांना एकच प्रश्न असतो: सांगितलं तर उद्या माझं कार्ड लागेल का? याचं उत्तर तुमच्या हातात आहे का, ते आधी बघा. नसेल तर पोरांना खोटा भरवसा देऊ नका.

जुनी_लेथ

अठरा_महिने यांचं म्हणणं दोनदा वाच. ते सगळ्यात आधी येतं. माझं त्यानंतर.

मी लागलो तेव्हा आमचा फोरमन होता, तो मिशी राखून असलेला, आवाजानं मोठा माणूस. आम्ही त्याला घाबरायचो. पण त्याची एक सवय होती. कोणी येऊन "साहेब, जॉब गेला" (म्हणजे नग बिघडला) म्हटलं की तो पहिलं वाक्य एकच बोलायचा, "चल, दाखव." मग मशिनपर्यंत चालत जायचा. जाताना काही बोलायचा नाही. आधी जॉब हातात घ्यायचा, मग टूल बघायचा, मग चक, मग ड्रॉइंग. माणसाकडे शेवटी वळायचा, तोपर्यंत दहा-बारा मिनिटं गेलेली असायची आणि राग उतरलेला असायचा. शिवाय तोपर्यंत त्याला निम्म्या वेळा कळलेलं असायचं की चूक माणसाची कमी आणि मशिनची जास्त आहे. मी पुढे फोरमन झालो तेव्हा दुसरं काही शिकलो नसेन, पण ते "चल, दाखव" शिकलो. माणूस सांगायला आला की पहिल्या मिनिटात तुझ्या तोंडातून काय निघतं, यावर तो पुढच्या वेळी येणार की नाही ते ठरतं. आणि तो एकटा नाही, बघणारे सगळेच.

टोयोटाच्या कारखान्यात अँडॉनची दोरी असते ते तू वाचलं असशील. कामगाराला काही चुकल्यासारखं वाटलं की तो दोरी ओढतो. दिवा लागतो, गाणं वाजतं, टीम लीडर धावत येतो. लोकांना वाटतं दोरी ओढली की लाइन तिथल्या तिथे बंद पडते. तसं नाही. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पुढे सरकत राहते, तेवढ्या वेळात दोघांनी मिळून प्रश्न सोडवला तर लाइन थांबतच नाही. नाही सुटला तरच थांबते. मला यात दोरीचं कौतुक नाही, दोरी कोणीही बांधेल. कौतुक टीम लीडरचं. त्याच्या हाताखाली पाच-सहाच माणसं असतात, तो जवळच असतो, आणि त्याचं कामच ते आहे की बोलावलं की यायचं. आपल्याकडे दिवे आले, बटणं आली, पण बटण दाबल्यावर येणारा माणूस २२ जणांमागे एक, आणि तोही ऑफिसात रिपोर्ट भरत बसलेला.

आता तुझ्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. पाळी सुरू होताना तू उभ्यानं मीटिंग घेत असशीलच. त्यात "काही प्रॉब्लेम आहे का?" असं विचारत असशील तर बंद कर. या प्रश्नाला कारखान्यात एकच उत्तर मिळतं, "नाही साहेब." त्याऐवजी विचार, "काल कुठल्या मशिननं जास्त त्रास दिला?" मशिनबद्दल बोलायला कोणाला भीती वाटत नाही. माणूस मशिनची तक्रार सांगता सांगता स्वतःची चूक पण सांगून जातो.

दुसरं तुझ्या सेटर मित्राबद्दल. त्यानं पुठ्ठा आणून दिला याचा तुला सगळ्यात जास्त राग आलाय, हे तुझ्या लिहिण्यात दिसतं. त्याला किती वर्षं झाली तिथे? इनचार्जची जागा त्याला हवी होती का? हे तू त्याला कधी विचारलंस?

वॉर्ड_सात

मी मुंबईत एका सरकारी रुग्णालयात इनचार्ज सिस्टर आहे. कारखान्यातलं मला कळत नाही, पण झाकून ठेवणं चांगलं कळतं. आमच्याकडे ३८ नग नसतात, माणसं असतात.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन या संशोधिकेनं १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या नर्सिंग टीम्सचा अभ्यास केला होता. तिचा अंदाज होता की चांगल्या टीमकडून औषधांच्या चुका कमी होत असतील. आकडे उलटे आले. ज्या टीम चांगल्या, त्यांच्याकडे नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर तिच्या लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. इतर वॉर्डांत त्या कागदावर येतच नव्हत्या. आमच्या एका ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हा मी माझ्या वॉर्डचं रजिस्टर काढून बघितलं. आठ महिन्यांत एक नोंद. तोपर्यंत मला त्या कोऱ्या पानांचा अभिमान होता.

आमच्या ट्रॉलीवर दोन औषधांच्या अँप्युल दिसायला जवळजवळ सारख्या होत्या, एकाच खणात. त्यातलं एक पोटॅशियम क्लोराइड. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. रात्रीच्या एका नव्या सिस्टरनं चुकीची अँप्युल फोडली, सिरिंजमध्ये भरली आणि बेडजवळ पोचल्यावर लेबल परत वाचलं म्हणून थांबली. पेशंटला काही झालं नाही. तिनं गुपचूप ते टाकून दिलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. सकाळी हॅण्डओव्हर संपल्यावर ती माझ्यामागे लिननच्या खोलीत आली आणि दार लोटून सांगितलं. तिचे हात थरथरत होते. माझ्या मनात पहिला विचार आला तो तिला बोलण्याचाच. कसा कोण जाणे, तोंडातून निघालं, "बरं झालं सांगितलंस. कुठल्या खणात होती?"

त्याच दिवशी आम्ही पोटॅशियमच्या अँप्युल ट्रॉलीवरून काढून कुलपाच्या कपाटात ठेवल्या, वर लाल पट्टी लावली. मग दोन सीनियर सिस्टर माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडूनही तो खण एकदा चुकला होता. एकीची गोष्ट चार वर्षांपूर्वीची होती. चार वर्षं ते औषध त्याच खणात होतं.

करडी_नजर यांना एवढंच म्हणेन की त्या मुलीला मी मेमो दिला असता तर वॉर्डमध्ये शिस्त दिसली असती आणि अँप्युल तिथेच राहिल्या असत्या.

आणखी एक. मावशी आणि मामांना विचारायला विसरू नका. पेशंट रात्री अस्वस्थ होता हे डॉक्टरांआधी मावशींना माहीत असतं, पण त्यांना कोणी विचारत नाही. तुमच्याकडे झाडलोट करणारे, भंगार उचलणारे असतील. कुठल्या लाइनवर किती नग दडवले जातात हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

करडी_नजर

ताई, तुमचं उदाहरण पटलं. पण तिनं स्वतःहून सांगितलं. इथे त्यानं लपवलं, आणि तीन जणांनी साथ दिली. दोन्हीला एकच वागणूक द्यायची का?

वॉर्ड_सात

नाही. पण आधी सांगायला जागा तयार करा, मग लपवण्याची शिक्षा करा. जागाच नसताना लपवलं तर मी त्याला एकट्याला दोष देणार नाही.

मावळचा_पोरगा

डबेवाल्यांचं कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. माझे चुलते मुंबईत डबेवाले, आमच्या भागातली बरीच माणसं या धंद्यात. १८९० सालापासूनची ही परंपरा. सगळे त्यांच्या अचूकपणाचे आकडे सांगतात, मला मुकादमाबद्दल सांगायचंय.

डबेवाल्यांच्या टोळ्या असतात, साधारण वीस-पंचवीस जणांची एक. प्रत्येक टोळीचा एक मुकादम. तो बाहेरून आणलेला नसतो, वर्षानुवर्षं डबे वाहून मुकादम होतो, आणि झाल्यावरही डबे वाहणं सुटत नाही. कोण आजारी पडलं, कोणाच्या गावाला लग्न असलं तर त्याची लाइन कोणी करायची हे मुकादम बघतो, वेळ पडली तर स्वतः करतो. त्यामुळे टोळीतली प्रत्येक लाइन त्याला तोंडपाठ असावी लागते. गिऱ्हाइकाशी भांडण झालं, डबा हरवला, टोळीतल्या दोघांची बाचाबाची झाली, तर तो निस्तरतो. आणि मिळकत टोळीत वाटून घेतात.

इनचार्ज भाऊ, तुम्ही सेटर होतात म्हणजे प्रत्येक मशिन तुम्हाला येतं. ही तुमची कमाई आहे, ती ऑफिसात बसून घालवू नका. आठवड्यातून एखादा तास कोणाच्या तरी जागी उभे राहा. त्याला तपासायला नको, त्याला पाणी प्यायला सोडायला म्हणून.

कोकणकडा

वरचं पटलं तरी एक धोका सांगतो. सेटरचा इनचार्ज झाला की त्याला सगळं स्वतःच करायची सवय असते. मशिन अडलं की हाच पाना घेऊन धावतो. मग माणसं शिकत नाहीत, आणि दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते याला कळत नाही.

कोकण रेल्वेचं उदाहरण बघा. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, डोंगर, नद्या, पावसाळा. १९९० साली महामंडळ झालं आणि २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्ग सुरू झाला. ई. श्रीधरन यांनी सगळी सूत्रं एका जागी ठेवली नव्हती. मार्गाचे सात भाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. साधारण शंभर-शंभर किलोमीटरला एक मुख्य अभियंता. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत होती, तिथलं काम आणि रत्नागिरीजवळ पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल उभारण्याचं काम, या दोन्हीचे निर्णय एकाच टेबलावर वाट बघत बसले असते तर काय झालं असतं विचार करा.

तुमच्या २२ जणांत तीन-चार जण असे असतीलच ज्यांना एकेक भाग देता येईल. नुसती जबाबदारी नको, थांबवायचा अधिकार पण. तुमच्या सेटर मित्रापासून सुरुवात करा असं मी म्हणेन.

मैदानी

छोटंसं. डिसेंबर २०२०, मेलबर्न. आधीच्या ॲडलेड कसोटीत ३६ धावांत संघ गेलेला, कोहली परतलेला, कप्तान अजिंक्य रहाणे. शतक करून ११२वर खेळत होता आणि जडेजाच्या हाकेवर धावबाद झाला. जडेजा ४९वर होता, पन्नाशीची धाव घेत होता. त्याचा चेहरा पडला. रहाणे परत जाताना आधी त्याच्याजवळ गेला, ग्लोव्हजनं थोपटलं, खेळत राहा असं खुणावलं आणि मग निघाला. ते काही सेकंदांचं दृश्य सगळ्या ड्रेसिंग रूमनं बघितलं. तो सामना आपण जिंकलो आणि पुढे मालिकाही. कारण तेच होतं असं म्हणणार नाही. पण चूक झालेल्या माणसाकडे कप्तान त्या क्षणी कसा बघतो, हे बाकीचे बघत असतात.

नवा_इनचार्ज

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण नुसतं "करून बघतो" लिहिण्यापेक्षा काही तरी करून मग लिहावं असं ठरवलं होतं.

सगळ्यात आधी अठरा_महिने यांचं घेतलं. प्लँट हेड साहेबांकडे गेलो. सरळ विचारलं की एखाद्या कंत्राटी मुलानं स्वतःहून चूक सांगितली तर त्याचं गेट बंद होणार नाही, असा शब्द मला देता येईल का. ते आधी म्हणाले, असं लेखी काही देता येत नाही. मी म्हटलं लेखी नको, पण ठेकेदाराला नाव कळवण्याआधी माझ्याशी बोलायचं, एवढं ठरवू. त्यांनी दोन दिवस घेतले, मग मान्य केलं. त्यातही अट आहे: तीच चूक पुन्हा पुन्हा झाली, किंवा लपवली, तर नाही. करडी_नजर यांचा मुद्दा त्यात आला. परभणीच्या पोराचं कार्ड चालू आहे. तो शब्द मिळेपर्यंत मी पोरांना काही बोललो नव्हतो.

मग पाळीच्या सुरुवातीला, ज्या जागी ओरडलो होतो तिथेच, सगळ्यांसमोर त्या पोराची माफी मागितली. चार दिवस आधीपासून वाक्यं जुळवत होतो, प्रत्यक्षात दोनच बोललो. "त्या दिवशी बाप काढला, ते चुकलं. नगांबद्दल बोलायचं होतं, माणसाबद्दल बोललो." कोणी काही बोललं नाही. एका परमनंट मामांनी फक्त मान हलवली. मला वाटलं काही फरक पडला नाही.

सेटर मित्राशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. त्याला तिथे अकरा वर्षं झाली आहेत. माझ्यापेक्षा दोन जास्त. सुटी झाल्यावर त्याला गाडीवर मागे बसवून चाकण चौकापर्यंत नेलं आणि विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जागा तुला मिळाली याचं वाईट नाही वाटलं. तू येऊन सांगितलं नाहीस, नोटीस बोर्डावर वाचलं, त्याचं वाटलं." मला आठवलं, त्या दिवशी मी सगळ्यांना पेढे वाटले होते. त्याला पण एक दिला होता, बाकीच्यांबरोबर, रांगेत.

पुठ्ठ्याचंही विचारलं. म्हणाला, "पोराचं गेट बंद झालं असतं. तू वाचवशील असं मला वाटलं नाही." यावर मला काही बोलता आलं नाही.

आता कामाचं. काकांनी सांगितलेला प्रश्न सुरू केला, "काल कुठल्या मशिननं जास्त त्रास दिला?" पहिले तीन दिवस शांतता. चौथ्या दिवशी एकानं सांगितलं की चार नंबरच्या मशिनचं कूलंट अधूनमधून थांबतं आणि इन्सर्ट लवकर जातं. मेंटेनन्सनं बघितलं, पंपाची जाळी चुऱ्यानं भरली होती. हे दोन महिने चालू होतं आणि सगळ्या ऑपरेटरना माहीत होतं.

०.२चं उत्तर सेटर मित्रानं काढलं. मशिनच्या कंट्रोलमध्ये एका वेळी किती वेअर ऑफसेट देता येईल, याची मर्यादा लावता येते. आमच्याकडे ती कधी लावलीच नव्हती. आता ०.०५ ठेवली आहे. त्यापेक्षा मोठा आकडा टाकला की मशिन घेतच नाही. हे काम त्याच्याकडे दिलंय, सातही मशिनचं, आणि परभणीच्या पोराला त्याच्या हाताखाली घेतलंय.

एक अडचण आहे, त्यासाठी परत तुम्हाला विचारतोय. रजिस्टरमधलं रिजेक्शन वाढलंय. आधी आमच्या पाळीत दिवसाला पाच-सहा नग दिसायचे, आता चौदा-पंधरा. वॉर्ड_सात ताईंनी लिहिलेलं होतं म्हणून मी घाबरलो नाही, पण महिन्याच्या मीटिंगमध्ये आमच्या पाळीचा बार सगळ्यात उंच दिसणार. तिथे काय सांगू?

जुनी_लेथ

भंगाराचं वजन. स्टोअरकडून गेल्या सहा महिन्यांचं भंगाराच्या वजनाचं रेकॉर्ड घे आणि रजिस्टरमधल्या नगांच्या वजनाशी लावून बघ. रजिस्टरमध्ये कोणी काही लिहो न लिहो, काटा वजन दाखवतोच. आधी दोन्हीत किती तफावत होती आणि आता किती, ते एका कागदावर मांड. बाकीच्या दोन पाळ्यांचं मात्र तू काढू नकोस. ते साहेबांना स्वतः विचारू दे.

करडी_नजर

काका, हे मला सुचलं नव्हतं. मी पण उद्या स्टोअरमध्ये जाऊन बघतो.

अठरा_महिने

कार्ड चालू आहे हे वाचून बरं वाटलं. ठेकेदार बदलला की हे सगळं परत सांगावं लागेल, लक्षात ठेवा. नव्या ठेकेदाराला साहेबांचा शब्द माहीत नसतो.

नवा_इनचार्ज

काका, आज स्टोअरमध्ये गेलो होतो. मार्च ते जुलै, दर महिन्याला काट्यावरचं वजन रजिस्टरच्या दुपटीहून जास्त आहे. या तीन आठवड्यांत दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात, थोडा फरक आहे तो चुऱ्याचा असावा. कागद तयार केलाय, सेटर मित्र पण मीटिंगला येतोय. ठेकेदाराचं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरमध्ये संपतंय, ते आजच डायरीत लिहून ठेवलं.